चिकाच्या पावडरीचा डबा: लेबलावर काय, चमच्यात काय

पावडरीचा रंग फिकट पिवळा, वास चांगल्या दूध पावडरीचा, आणि चव गोड. शेवटची गोष्ट मला खटकली. चीक गोड नसतो. गाय व्यायल्यानंतरच्या पहिल्या धारांत नेहमीच्या दुधापेक्षा लॅक्टोज (दुधातली साखर) कमी आणि क्षार जास्त असतात, त्यामुळे चव खारटाकडे झुकणारी आणि जिभेला जड. चिकाची म्हणून विकलेली पावडर गोड लागते म्हणजे त्यात साखर आहे. डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली. घटक: स्किम्ड दूध पावडर, साखर, चीक पावडर, स्वाद. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. म्हणजे समोर सोनेरी अक्षरांत ज्याचं नाव मिरवलंय ते आत तिसऱ्या नंबरवर आहे, साखरेच्याही मागे.

डबा भाच्याचा. तो लांब पल्ल्याच्या शर्यती पळतो आणि जोरदार सरावाच्या दिवसांत त्याचं पोट बिघडतं. बरोबरच्या एका धावपटूने ही पावडर सुचवली. मी दुधाच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या पावडरीचा पंचनामा माझ्याकडे येतो. "मावशी, घेऊ की नको, एका शब्दात सांग," असं त्याचं म्हणणं. एका शब्दात उत्तर 'नको'. पण का नको ते सांगताना दुधाबद्दल बरंच चांगलं बोलावं लागतं, कारण लेबलावरची नावं खोटी नाहीत. प्रतिपिंडं (जंतूंना ओळखून धरणारी प्रथिनं, अँटिबॉडीज), लॅक्टोफेरिन (लोह धरणारं एक प्रथिन), पेप्टाइडं (प्रथिनांचे छोटे तुकडे) हे सगळं दुधात खरोखर असतं आणि त्यावर गंभीर संशोधन झालेलं आहे. प्रश्न आहे तो मात्रेचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असे डबे पुष्कळ आहेत आणि त्यांची लेबलं एकाच हाताने लिहिल्यासारखी वाटतात.

तर आधी हिशोब. पाच ग्रॅमचा एक चमचा रोज घ्या, असं डबा सांगतो. त्या चमच्यात चीक पावडर ५०० मिलीग्रॅम. आणि त्या चीक पावडरीत 'आयजीजी २५ टक्के'. आयजीजी म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन जी, चिकातल्या प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार. ५०० चे २५ टक्के म्हणजे १२५ मिलीग्रॅम. आकडा ऐकायला बरा आहे आणि खराही असू शकतो, कारण पहिल्या धारेच्या चांगल्या चिकात लिटरला ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त आयजीजी असतं. पुढच्या काही दिवसांत ते झपाट्याने उतरतं आणि नेहमीच्या दुधात लिटरला साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आसपास राहतं. आता त्या अर्ध्या ग्रॅमचा हिशोब करा. २०० मिलीलिटरच्या पेल्यात १०० मिलीग्रॅम.

मी हे गणित कागदावर मांडून भाच्यापुढे सरकवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी एक पेला दूधच पितोय?" जवळजवळ. गाईगाईत फरक असतो, ऋतूने फरक पडतो, पण आकड्यांचा घेर तोच. आणि पाश्चराइझ केलेल्या दुधात यातलं बरंचसं टिकून असतं. ७२ अंशांवर १५ सेकंद हा पाश्चरायझेशनचा नेहमीचा प्रकार रोगजंतू मारतो, पण प्रतिपिंडांचा बराच भाग शाबूत ठेवतो. ते दूध तुम्ही पुन्हा खळखळून उकळलंत तर मात्र प्रतिपिंडं गेली. निवळीतल्या (दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातल्या) प्रथिनांमध्ये उष्णतेला सगळ्यांत आधी शरण जातात ती प्रतिपिंडंच. त्यांच्यामागून सीरम अल्ब्युमिन, मग बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, आणि सगळ्यांत चिवट अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन.

आणि याच डब्याच्या आत एक सुबक पुस्तिका आहे. त्यात पावडर 'गरमागरम दुधात' ढवळून प्यायला सांगितलंय. ओव्हनमध्ये भाजायच्या बिस्किटांची कृतीसुद्धा आहे! ज्या प्रथिनाच्या नावावर डबा विकायचा ते भट्टीत घालायचं. ही पुस्तिका लिहिणारा आणि लेबल लिहिणारा यांची कधी भेट झालेली नसावी. जे लोक वासरांसाठी चीक पाश्चराइझ करतात ते ६० अंशांवर तासभर ठेवतात, त्याहून वर जात नाहीत. कारण तापमान चढवलं की प्रतिपिंडं कमी होतात आणि चीक भांड्यातच घट्ट बसतो.

या घट्ट बसण्याचा मी स्वयंपाकघरात उपयोग करून घेतला. थोडी पावडर गार पाण्यात दाट कालवली आणि भांडं गरम पाण्यात ठेवून हळूहळू तापवलं. चीक असेल आणि त्यातली प्रथिनं अजून मूळ रूपात असतील तर मिश्रण थिजायला हवं. कडेला थोड्या गुठळ्या धरल्या, बाकी पातळ राहिलं. यावरून टक्केवारी काढता येत नाही, कारण दूध पावडर आणि साखर इतकी आहे की चिकाचं काम झाकलं जातं. पण एवढं कळलं की आत थोडं काहीतरी जिवंत आहे. पाण्यात विरघळण्याबद्दल सांगायचं तर कोमट पाण्यात ठीक, गरम पाण्यात घातलीत की गोळे होतात. ते फोडत बसायला लागतं. हा दोष कंपनीचा नाही, प्रथिनांचा स्वभावच तसा आहे.

प्रतिपिंडं पोटात गेल्यावर काय करतात? इथे लेबलावरचं वासराचं गोंडस चित्र फसवं आहे. गाईच्या वारेतून प्रतिपिंडं गर्भापर्यंत जात नाहीत. वासरू जन्मतं ते जवळजवळ प्रतिपिंडांशिवाय. म्हणून त्याच्या आतड्याला पहिला दिवसभर एक खास मुभा असते: मोठाले प्रथिनरेणू न पचवता जसेच्या तसे रक्तात घ्यायची. सुमारे २४ तासांत हे दार बंद होतं. माणसाचं बाळ मात्र आईच्या वारेतूनच आयजीजी घेऊन येतं आणि आईच्या चिकातून त्याला मुख्यतः आयजीए हा प्रतिपिंडांचा दुसरा प्रकार मिळतो, जो रक्तात न जाता आतड्याच्या अस्तरावर राहून काम करतो. मग तिशीतल्या धावपटूच्या रक्तात गाईची प्रतिपिंडं पोहोचून 'प्रतिकारशक्ती वाढवणार', हे कसं? नाही पोहोचत. जठरात बरीच पचतात. जी वाचतात ती आतड्याच्या पोकळीत काम करू शकतात, तेवढंच.

आणि तेवढंच हे कधीकधी कमी नसतं, हेही सांगायला हवं. १९८८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटा, देखणा प्रयोग छापून आला. विशिष्ट जुलाबकारक ई. कोलाय जंतूंविरुद्ध गाईंना लस टोचली, त्यांच्या दुधातली प्रतिपिंडं गोळा केली आणि स्वयंसेवकांना ती देऊन मग जाणूनबुजून ते जंतू पाजले. ज्यांना ही प्रतिपिंडं मिळाली त्या दहांपैकी एकालाही जुलाब झाले नाहीत. दुसऱ्या गटातल्या दहांपैकी नऊ जणांना झाले. पण नीट वाचा: त्या गाईंना त्या जंतूंची लस दिली होती. कुठल्याही गाईचा चीक कुठल्याही जंतूवर चालेल असा त्याचा अर्थ नाही. माझ्या डब्यावर गाईंना कशाची लस दिली याबद्दल चकार शब्द नाही.

भाच्याच्या पोटाच्या तक्रारीवर तर थेट काम झालेलं आहे. उन्हातान्हात दीर्घकाळ जोरात पळलं की आतड्याकडचं रक्त कमी होतं, शरीर तापतं आणि आतड्याचं अस्तर काही काळ जास्त पाझरू लागतं. चिकाने हे पाझरणं कमी होतं असं काही लहान प्रयोगांत दिसलंय. त्यातल्या एका ब्रिटिश प्रयोगात स्वयंसेवकांनी दोन आठवडे रोज २० ग्रॅम चीक पावडर घेतली होती. वीस ग्रॅम. आमच्या चमच्यात अर्धा ग्रॅम. त्या मात्रेला पोहोचायचं तर रोज चाळीस चमचे, म्हणजे २०० ग्रॅम पावडर खावी लागेल, आणि त्याबरोबर जी साखर पोटात जाईल तिचं काय करायचं ते वेगळं पाहावं लागेल. 'क्लिनिकली स्टडीड' असा शिक्का डब्यावर आहे. अभ्यास झालाय खरा, पण या चमच्याचा नव्हे.

आता लॅक्टोफेरिन. माझं सगळ्यांत आवडतं प्रथिन, त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

१९३९ साली डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत निवळीतल्या प्रथिनांवर काम चाललं असताना दुधात एक लालसर प्रथिन असल्याची नोंद झाली. नोंद करणाऱ्यांतले एक सोरेन्सन, ज्यांची आम्लता मोजायची पीएच मोजपट्टी आम्ही प्रयोगशाळेत दिवसभर वापरायचो. पुढे १९६० च्या सुमारास ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. रेणूला दोन कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा लोहाचा एक अणू घट्ट धरून ठेवतो. लोह धरलं की रंग गुलाबी. दुधातलं लॅक्टोफेरिन बरंचसं रिकामं असतं, म्हणून जिथे मोकळं लोह दिसेल तिथे ते उचलतं. बहुतेक जंतूंना वाढायला लोह लागतं, आणि ते असं हातचं गेलं की जंतूंची उपासमार होते. याशिवाय पेप्सिन या जठरातल्या पाचक एन्झाइमने लॅक्टोफेरिन तुटलं की त्यातून २५ अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या साखळीतले दुवे म्हणजे अमिनो आम्लं) एक तुकडा सुटतो, लॅक्टोफेरिसिन. तो जंतूंच्या बाह्य पटलावर थेट चढाई करतो. मूळ प्रथिनापेक्षा हा तुकडा जंतूंवर जास्त कडक आहे. जठरात पचणं म्हणजे नेहमीच वाया जाणं नव्हे, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

वेगळं काढण्याची युक्तीही सुंदर आहे. दुधाच्या पीएचला निवळीतली बाकीची मोठी प्रथिनं ऋणभारित असतात, लॅक्टोफेरिन आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज हे दुधातलं एन्झाइम मात्र धनभारित. म्हणून दूध किंवा निवळी ऋणभारित कणांच्या स्तंभातून सोडली की ही दोनच अडकतात, बाकी सगळं वाहून जातं. मग मिठाच्या वाढत्या तीव्रतेच्या पाण्याने धुऊन एकेक सोडवायचं. गाईच्या दुधात लॅक्टोफेरिन लिटरला साधारण १०० मिलीग्रॅम धरलं तर एक किलोसाठी दहा हजार लिटर दूध लागतं, तेही काहीच वाया गेलं नाही असं मानून. म्हणून शुद्ध लॅक्टोफेरिन महाग असतं आणि म्हणूनच कुठल्या डब्यावर ते नुसतं 'युक्त' म्हणून लिहिलं असेल, मात्रा दिली नसेल, तर माझी भुवई वर जाते.

आमच्या डब्यावर 'लॅक्टोफेरिनयुक्त' एवढंच आहे. मात्रा नाही. मग मीच अंदाज केला. पहिल्या धारेच्या चिकात लॅक्टोफेरिन लिटरला एक-दीड ग्रॅम धरा आणि एकूण घनपदार्थ २४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सुकवलेल्या चिकात अर्धा टक्का किंवा किंचित वर. ५०० मिलीग्रॅममध्ये तीन मिलीग्रॅम. एका पेला दुधात वीस. या ठिकाणी मी चष्मा काढून पुसला आणि गणित पुन्हा केलं. बरोबर होतं. ज्या घटकाच्या नावाने डबा विकला जातोय तो साध्या दुधाच्या पेल्यात चमच्याच्या सहा-सात पट आहे. दूध पावडर आहेच की त्यात, असं कोणी म्हणेल. आहे, पण ती किती तापवून सुकवली यावर तिच्यातलं किती उरलं ते ठरतं, आणि तापमान लेबलावर नाही.

डब्याच्या मागे एका तान्ह्या बाळाचं चित्र आहे आणि खाली 'नवजात बाळांमधील संसर्गावर सिद्ध' असं वाक्य. याच्यामागची गोष्ट अर्धीच सांगितली आहे. २००९ साली इटलीतल्या आणि न्यूझीलंडमधल्या अतिदक्षता कक्षांत, खूप कमी वजनाच्या ४७२ बाळांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. रोज १०० मिलीग्रॅम गाईचं लॅक्टोफेरिन मिळालेल्या बाळांत उशिरा होणारा रक्तसंसर्ग ५.९ टक्के, न मिळालेल्यांत १७.३ टक्के. केवढा फरक! साहजिकच सगळ्यांच्या आशा वाढल्या. मग ब्रिटनमध्ये २,२०३ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला, आणि दोन्ही गटांत संसर्गाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या पंधराशेहून अधिक बाळांच्या चाचणीतही ठोस फायदा दिसला नाही. लेबल लिहिणारा २००९ वर थांबला. हे मला अजाणतेपणी झालेलं वाटत नाही. आणि ज्या घरात तान्हं बाळ आहे त्यांनी ते चित्र बघून बाळाच्या दुधात हा चमचा मुळीच घालू नये; त्या चाचण्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजलेल्या शुद्ध लॅक्टोफेरिनच्या होत्या, साखर घातलेल्या पावडरीच्या नव्हत्या.

मोठ्यांसाठी लॅक्टोफेरिनचा सगळ्यांत दमदार उपयोग मला दिसतो तो लोहाच्या कमतरतेत. इटलीतल्या गरोदर स्त्रियांवरच्या चाचण्यांत १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा दिलं तर हिमोग्लोबिन सुधारलं, आणि लोहाच्या गोळ्यांनी होणारं मळमळणं, बद्धकोष्ठ, पोटदुखी बरीच कमी राहिली. २०० मिलीग्रॅम लॅक्टोफेरिनमध्ये लोह नगण्य असतं, म्हणजे हे लोह पुरवण्याचं काम नाही. शरीरातली सूज कमी करून, अडकलेलं लोह मोकळं व्हायला मदत करून हे घडत असावं असा त्या संशोधकांचा विचार आहे. माझ्या बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, लोहाच्या गोळ्या सोसत नाहीत. तिच्या डॉक्टरांना विचारून तिने साधी लॅक्टोफेरिनची कॅप्सूल सुरू केली आहे, मात्रा छापलेली. तिचं पोट शांत आहे. हिमोग्लोबिनचं श्रेय कॅप्सुलीला किती आणि जेवण सुधारल्याला किती, हे मी सांगणार नाही. पण वीस मिलीग्रॅमच्या पेल्यांनी २०० गाठायचे तर दोन लिटर दूध प्यावं लागेल, त्यामुळे ही एक जागा अशी आहे जिथे कॅप्सूल दुधाला मागे टाकते. डब्याला ती जागा नाही. तीन मिलीग्रॅम म्हणजे फार तर शुभेच्छा.

'वाढीचे घटक' हा तिसरा दावा. इथे मी भाच्याला बसवून नीट समजावलं. चिकात आयजीएफ-१ हे पेशींच्या वाढीला चालना देणारं संप्रेरक असतं, सत्तर अमिनो आम्लांचं, आणि गाईचं आणि माणसाचं आयजीएफ-१ तंतोतंत सारखं असतं. आयजीएफ-१ खेळाडूंसाठी बंदी असलेल्या पदार्थांत आहे. चिकावर बंदी नाही, पण जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, वाडा, चीक घेऊ नका असं सांगते, कारण त्यातल्या वाढीच्या घटकांमुळे चाचणीच्या निकालात गडबड होऊ शकते. ज्याच्या शर्यतींत लघवीचे नमुने घेतले जातात त्याने हे वाचायला हवं. अर्ध्या ग्रॅमने काही होईल असं मला वाटत नाही. पण जे घटक आहेत म्हणून अभिमानाने सांगायचं तेच खेळाडूला अडचणीत आणू शकतात, हे लेबलावर कुठेही नाही, आणि हा डबा धावपटूंनाच विकला जातोय. माझा खरा राग या एका गोष्टीवर आहे. बाकी सगळं दुकानदारी म्हणून सोडून देता आलं असतं.

पेप्टाइडांचा दावा सगळ्यांत पोकळ. दुधातल्या प्रथिनांपैकी ऐंशी टक्के केसीन, आणि केसिनाच्या लांब साखळीत कितीतरी उपयोगी तुकडे दडलेले असतात. ते पचनात सुटतात, विरजणात सुटतात, चीज मुरताना सुटतात. व्हॅलिन-प्रोलिन-प्रोलिन आणि आयसोल्युसिन-प्रोलिन-प्रोलिन हे दोन तीन-अमिनो-आम्लांचे तुकडे रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एका एन्झाइमला अडवतात. जपानमध्ये लॅक्टोबॅसिलस हेल्व्हेटिकसने आंबवलेल्या दुधाची पेयं याच आधारावर रक्तदाबासाठी निघाली. जपानी चाचण्यांत परिणाम दिसला, युरोपातल्या चाचण्यांत तो विरला, आणि युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दावा मान्य केला नाही. केसीन फॉस्फोपेप्टाइडं कॅल्शियम विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवतात. मेलबर्न विद्यापीठात त्यांच्यावरून दातांचं इनॅमल पुन्हा भरून आणणारा लेप तयार झाला आणि दंतवैद्य तो वापरतात. आणि मला सगळ्यांत भावणारा तुकडा: चीज करताना रेनेटने (दूध थिजवणाऱ्या एन्झाइमने) केसिनाचा कापा-केसीन हा प्रकार कापला की ६४ अमिनो आम्लांचा ग्लायकोमॅक्रोपेप्टाइड निवळीत जातो. शुद्ध स्वरूपात त्यात फेनिलॲलनिन हे अमिनो आम्ल अजिबात नसतं. ज्यांना जन्मतः फेनिलकीटोन्युरिया आहे, म्हणजे ज्यांच्या शरीराला हे अमिनो आम्ल पचवता येत नाही, ज्यांना साधं प्रथिन विषासारखं, त्यांच्या जेवणात हा तुकडा चवीचं प्रथिन होऊन येतो. निवळी एके काळी टाकाऊ समजली जायची.

हे सगळं खरं. पण डब्यातली पेप्टाइडं कुठून आली? स्किम्ड दूध पावडरीतून, तुमच्याच पोटात पचून. दूध पिणारा प्रत्येक जण ती फुकट तयार करतो.

डब्यावरच्या सीएलएच्या दाव्यावर फार शब्द घालवत नाही. सीएलए, म्हणजे कॉन्ज्युगेटेड लिनोलिक ॲसिड, हे मेदाम्ल आहे. गवत चरणाऱ्या गाईच्या कोठीपोटातले जीवाणू ते घडवतात आणि हिरव्या चाऱ्यावरच्या गाईंच्या दुधात ते जास्त मिळतं. पण ते असतं स्निग्धांशात. याच डब्यावरच्या पोषणतक्त्यात स्निग्धांश जवळजवळ शून्य आहे. तक्ता आणि दावा यांत एका बोटाचं अंतर आहे, तरी कुणाला दिसलं नाही.

त्याच स्निग्धांशाबरोबर आणखी एक गोष्ट बाहेर फेकली गेली, जिच्याबद्दल लेबलं क्वचितच बोलतात. दुधातला प्रत्येक स्निग्धकण एका पातळ आवरणात गुंडाळलेला असतो. हे आवरण पेशीच्याच पटलापासून आलेलं, तीन थरांचं, स्फिंगोमायलिन आणि गँग्लिओसाइडं हे खास मेद असलेलं. लोणी काढताना आवरण फाटतं आणि ताकात उतरतं. स्वीडनमध्ये वजन जास्त असलेल्या प्रौढांना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम दुधाचा स्निग्धांश दिला गेला: एका गटाला सायीच्या क्रीममधून, आवरणासकट; दुसऱ्याला आवरण नसलेल्या लोण्याच्या तेलातून. तेल घेणाऱ्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलं, क्रीम घेणाऱ्यांचं वाढलं नाही. २०१५ चा हा निकाल. चरबी तेवढीच, पण गुंडाळीने फरक पडला. एका प्रयोगावरून मी कुणाला वाट्या भरून साय खा म्हणणार नाही. तरी दूध हे घटकांची बेरीज करून ओळखता येत नाही, असं माझं जे मत नोकरीत बनलं, त्याला या निकालाने बळ मिळालं. डबा नेमकी बेरीजच विकतो, तीही कच्ची.

मग दुधालाच गुण द्यायचे तर? पाश्चराइझ केलेलं, न उकळता प्यायलेलं, एक पेला: शंभर मिलीग्रॅमच्या आसपास आयजीजी, वीसेक मिलीग्रॅम लॅक्टोफेरिन, अडीचशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, सहा-सात ग्रॅम प्रथिन, आवरणासकट स्निग्धांश. यूएचटी दूध, म्हणजे अति उच्च तापमानावर तापवलेलं, १३५ अंशांच्या वर जाऊन आलेलं असतं, त्यात प्रतिपिंडं आणि लॅक्टोफेरिन शोधू नका. कॅल्शियम आणि केसीन मात्र जसंच्या तसं. याचा अर्थ कच्चं दूध प्या असा काढणाऱ्यांशी मी नोकरीभर वाद घातलाय. कच्च्या दुधात लॅक्टोफेरिन थोडं जास्त असेल, पण ते दुधातले रोगजंतू संपवू शकत नाही. मी प्रयोगशाळेच्या प्लेटांवर काय काय वाढताना पाहिलंय ते सांगितलं तर जेवण जाणार नाही.

कोणी हा डबा घेऊच नये: दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांनी. 'चीक वेगळा असतो' असं विक्रेते सांगतात. केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन त्यात आहेतच. लॅक्टोज न पचणाऱ्यांनी, कारण पहिला घटक दूध पावडर आहे. मधुमेह असणाऱ्यांनी, साखरेमुळे. चाचणी होणाऱ्या खेळाडूंनी, वर सांगितलं त्यासाठी. भाच्याने डबा बंद केला. पोटासाठी त्याने पळण्याआधीचं खाणं आणि पाणी याकडे लक्ष द्यायला सुरुवात केली आहे, आणि संध्याकाळी एक पेला गार दूध.

पाचांपैकी एक तारा. तो घटकांची यादी खरी छापल्याबद्दल. तेवढं केलं नसतं तर मला वरचं काहीच लिहिता आलं नसतं.

कंपनीला मी पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या. आयजीजीचं प्रमाण कधी मोजलं, मिश्रण करण्याआधी की डब्यात भरल्यावर? लॅक्टोफेरिन एका चमच्यात किती मिलीग्रॅम? आणि सुकवताना कमाल तापमान किती? पहिल्याचं उत्तर आलं, सौजन्याने: मिश्रणाआधी, आलेल्या चीक पावडरीवर. लॅक्टोफेरिनबद्दल 'नैसर्गिकरीत्या भरपूर' असं लिहिलंय. तापमानाचा प्रश्न 'संबंधित विभागाकडे' गेलाय. आकडे आले तर इथेच खाली जोडेन.